टबीथा : एका विरळ नांवाचा अभ्यास

मराठी भाषेंत ‘नांव’ हा लहानसा शब्द मोठा कामसू आहे. मूल जन्मास आलें म्हणजे आईबाप त्याचें नांव ठेवितात. तें मोठें होऊं लागलें म्हणजे शेजारीपाजारी त्याला नांवें ठेवितात. आणि पुढें त्याच्या हातून कांहीं चांगलें घडलें तर त्यानें आईबापांचें नांव काढिलें असें तेच शेजारी म्हणतात. ठेवणें आणि काढणें या दोन साध्या क्रियापदांत मनुष्याच्या आयुष्याचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

शाळेच्या हजेरीपटावर दरवर्षीं एकदोन नांवें अशीं असतात कीं, नवा शिक्षक तीं वाचतांना अडखळतो आणि वर्गांत खसखस पिकते. ज्या मुलीचें तें नांव असतें ती मान खालीं घालते. पुढें दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली म्हणजे अशा एखाद्या मुलीची आई शाळेंत येऊन विचारते कीं, हें नांव काढून कांहीं साधें नांव लावतां येईल काय? नांव बदलणें हा कांहीं गुन्हा नव्हे. कायद्यानें तशी सोय करून ठेविलेली आहे. परंतु जें टाकावयाचें तें काय आहे, हें आधीं पाहून घ्यावें, एवढेंच आमचें म्हणणें. या हेतूनें अशाच एका विरळ नांवाची हकीकत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. तें नांव ‘टबीथा’.

नांवाची मूळ कथा

पवित्र शास्त्रांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत, ३६ ते ४२ या सात वचनांत, हें नांव येतें. भूमध्यसमुद्राच्या कांठीं यापो नांवाचें फार प्राचीन बंदर आहे. आज त्यास जाफा म्हणतात, व १९५० सालीं तें तेल अवीव शहरास जोडण्यांत आलें. या गांवीं पहिल्या शतकांत टबीथा नांवाची एक स्त्री राहत असे. ती दानधर्म करी, गोरगरिबांच्या अडीनडीस धांवून जाई, आणि विधवांसाठीं कपडे तयार करी. एकदां ती आजारी पडली व मरण पावली. जवळच्या लोद गांवीं पेत्र आला आहे असें समजल्यावरून लोकांनीं दोन माणसें धाडून त्यास बोलावून आणिलें. तो आला तेव्हां माडीवरच्या खोलींत तिचें शव ठेविलें होतें, आणि भोंवतीं गांवच्या विधवा रडत उभ्या होत्या. तिनें आपल्या हातांनीं केलेले अंगरखे व वस्त्रें त्या बायका त्याला दाखवूं लागल्या. पेत्रानें सर्वांस बाहेर पाठवून गुडघे टेंकून प्रार्थना केली, तिला तिच्या नांवानें हाक मारिली, आणि तिनें डोळे उघडले, अशी ही कथा आहे.

या लहानशा कथेंत भाषेच्या अभ्यासकाचें लक्ष वेधणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, टबीथेला उद्देशून लेखकानें ‘शिष्या’ या अर्थाचा जो ग्रीक स्त्रीलिंगी शब्द योजिला आहे, तो सबंध नव्या करारांत याच एका ठिकाणीं येतो. दुसरी ही कीं, लेखक तिचें नांव सांगून थांबत नाहीं. ग्रीक वाचकांना तें कळावें म्हणून तो लगेच त्याचें भाषांतर देतो. टबीथा म्हणजे दोर्कास. मराठींत हें दुसरें रूप ‘दुर्कस’ असें लिहितात. तेव्हां हीं दोन निराळीं नांवें नसून एकच नांव दोन भाषांत सांगितलेलें आहे.

शब्दाचा अर्थ

टबीथा हा शब्द अरामी भाषेंतला. त्या काळीं पॅलेस्टाईनमधील सामान्य लोकांच्या घरोघर हीच भाषा बोलली जाई. अरामींत ‘टब्या’ म्हणजे हरिणाची एक चपळ जात, आणि ‘टबीथा’ म्हणजे त्या जातीची मादी. आपण ‘हरिण’ यावरून ‘हरिणी’ करितों, तसाच हा प्रकार. इब्री व अरबी या अरामीच्या बहिणी. इब्रींत याच प्राण्यास ‘त्स्वी’ म्हणतात व अरबींत ‘झब्य’. ऐकावयास हे तीन शब्द दूरदूरचे वाटतात; परंतु मूळच्या एकाच वर्णाचा इब्रींत ‘त्स’, अरामींत ‘ट’ व अरबींत ‘झ’सारखा जड उच्चार झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नातें उघड होतें. आपली ‘दोन’ आणि गुजरात्यांचे ‘बे’ हीं दोघेंहि संस्कृत ‘द्वि’चींच लेंकरें आहेत, हें नुसतें ऐकून कोणाच्या लक्षांत येईल? जुन्या करारांत योवाश राजाच्या आईचें नांव ‘सिब्या’ असें दिलें आहे. ती बैर-शेबा गांवची. तें इब्री नांव म्हणजे टबीथेचेंच वडील भावंड होय.

येथें विद्यार्थ्यांनीं एका घोटाळ्यापासून सावध राहावें. मार्काच्या शुभवर्तमानांत याइराच्या बारा वर्षांच्या मुलीस येशू ज्या अरामी शब्दानें हाक मारतो तो ‘तलीथा’ असा आहे. तलीथा आणि टबीथा यांत खरा भेद एकाच व्यंजनाचा. दोन्ही प्रसंगहि बरेच सारखे. पण तलीथा हें विशेषनाम नव्हे. ‘मुली’ अशी ती एक मायेची हाक आहे. टबीथा हें मात्र त्या बाईचें स्वतःचें नांव.

ग्रीक ‘दोर्कास’ची गोष्ट आपणांस अधिक जवळची आहे. या शब्दाचें ‘झोर्कास’ असेंहि एक रूप आढळतें. परंतु या प्राण्याचे मोठे, तेजस्वी डोळे पाहून ग्रीक लोकांनीं त्याच्या नांवाचा संबंध ‘देर्कोमाय’, म्हणजे पाहणें, या क्रियापदाशीं जोडला. आतां हें ‘देर्कोमाय’ आणि संस्कृतांतील ‘दृश्’ धातु हीं एकाच मुळांतून निघालेलीं आहेत. ज्या धातूपासून दर्शन, दृष्टि, दृश्य हे आपले नित्याचे शब्द झाले, त्याच्याच भावंडाचा ध्वनि यापोच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नांवांत ग्रीकांना ऐकूं येत असे. आपल्या कवींनींहि सुंदर नेत्रांना हरिणाचीच उपमा दिली. मृगनयना, हरिणाक्षी, एणाक्षी, कुरंगनयना हे शब्द त्याच निरीक्षणांतून आले. म्हणून ‘टबीथा’ हा ध्वनि परका वाटला तरी त्याचा अर्थ मराठी घरास मुळींच परका नाहीं.

हा प्राणी कोणता

मराठींत ‘हरिण’ हा शब्द आपण सैलपणें वापरतों. सांबर व चितळ यांच्या नरांचीं शिंगें दरवर्षीं गळून पडतात व पुन्हां फुटतात. काळवीट व चिंकारा यांचीं शिंगें जन्मभर टिकतात. टबीथेच्या नांवांतला प्राणी या दुसऱ्या वर्गांतला, म्हणजे चिंकाऱ्याचा जवळचा आप्त. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं प्राण्यांना शास्त्रीय नांवें दिलीं तेव्हां यांतील एका जातीस ‘डॉर्कस’ हेंच नांव दिलें, व तें आजहि चालू आहे. ही जात उत्तर आफ्रिकेंत व सिनायच्या बाजूस आढळते. खांद्याशीं उंची सुमारें दोन फूट, वजन पंधरावीस किलो. झाडपाल्यांतील ओलाव्यावर तहान भागवून हा प्राणी रखरखीत वाळवंटांत पुष्कळ दिवस पाण्यावांचून राहूं शकतो. शिकारीमुळें व कुरणें नाहींशीं झाल्यामुळें त्याची संख्या आतां बरीच घटली आहे. त्याचा मराठी आप्त ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील बारामती तालुक्यांत सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेथें जावें. माळरानावर चिंकारा उभा राहून क्षणभर टक लावून पाहतो आणि दुसऱ्या क्षणीं दिसेनासा होतो. तें पाहिलें म्हणजे प्राचीन लोकांनीं आपल्या मुलींना हें नांव कां दिलें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

नांव कोणाचें असे

एवढें सुंदर नांव तें राजघराण्यांतलें असेल असें कोणास वाटेल. सिब्या राजमाता होती खरी. पण टबीथा हें नांव साध्या माणसांच्याहि अंगाखांद्यावर वाढलेलें आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रब्बान गमालिएल नांवाचे एक मोठे यहूदी आचार्य होऊन गेले. त्यांच्या घरीं प्रत्येक दासाला ‘टबी’ व प्रत्येक दासीला ‘टबीथा’ म्हणत, असा उल्लेख यहूदी धर्मग्रंथांत आढळतो. म्हणजे धन्यानें माणसाचें स्वतःचें नांवहि बाजूस सारून सर्वांना एकच नांव देऊन टाकावें, अशी ती रीत. परंतु त्यांपैकीं एक टबी आपल्या ज्ञानामुळें व आचरणामुळें इतका मान्यता पावला कीं, तो वारला तेव्हां आचार्यांनीं समाचारास आलेल्या लोकांचें सांत्वन स्वीकारिलें. दासासाठीं असें करण्याची चाल नव्हती. शिष्यांनीं आश्चर्य व्यक्त केलें तेव्हां आचार्य म्हणाले कीं, हा दास इतरांसारखा नव्हता, हा सदाचरणी होता. जें नांव खुणेपुरतें दिलें होतें, तें त्या दासानें स्वतःचें करून घेतलें, आणि आज इतक्या शतकांनंतर ग्रंथांत तें त्याचें म्हणूनच वाचावयास मिळतें.

लोकांनीं नांवें कशीं ठेविलीं

यापोहून हें नांव युरोपांत गेलें, तरी शेंकडों वर्षें तें फारसें कोणी ठेवीत नसे. सोळाव्या शतकांत इंग्लंडांत धर्मसुधारणा झाली, बायबल लोकांच्या भाषेंत घरोघर वाचलें जाऊं लागलें, आणि संतांच्या नांवांऐवजीं शास्त्रांतील नांवें मुलांना देण्याची चाल पडली. ‘प्युरिटन’ पंथाच्या लोकांनीं ती विशेष उचलून धरिली. तेव्हां टबीथा व डॉर्कस हीं दोनहि नांवें मुलींना मिळूं लागलीं, व समुद्र ओलांडून अमेरिकेंतील वसाहतींतहि गेलीं. शेक्सपिअरनें ‘द विंटर्स टेल’ या नाटकांत एका धनगर मुलीस डॉर्कस हें नांव दिलें आहे, यावरून तें खेड्यापाड्यांतहि कानावर पडत असावें.

पुढें एका विनोदी ग्रंथानें या नांवाचें नशीब फिरविलें. टोबायस स्मॉलेट या कादंबरीकारानें १७७१ सालीं ‘हम्फ्री क्लिंकर’ नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. तींत टबीथा ब्रॅम्बल नांवाची एक प्रौढ, चिडखोर, कंजूष आणि वराच्या शोधांत असलेली बाई आहे. वाचक पोट धरून हंसले. परंतु त्या हंसण्याचे शिंतोडे या नांवाच्या सर्व मुलींवर उडाले. ‘टॅबी’ हा शब्द अविवाहित प्रौढ स्त्रीस चिडविण्यासाठीं इंग्रजींत वापरला जाई; आतां त्यास जणूं आधारच मिळाला.

त्यांत मांजराची भर पडली. अंगावर पट्टे असलेल्या मांजरास इंग्रजींत टॅबी म्हणतात. या शब्दाचें मूळ पाहावयाचें तर बगदादेस जावें लागतें. तेथें ‘अत्ताबिय्या’ नांवाचा मोहल्ला होता. त्या मोहल्ल्यांत विणल्या जाणाऱ्या रेशमी कापडास त्यावरूनच नांव पडलें, तें फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत ‘टॅबी’ होऊन आलें, आणि पुढें त्या कापडासारख्या लाटा व पट्टे ज्याच्या अंगावर दिसत त्या मांजरास लोक तेंच म्हणूं लागले. हरिणाच्या अरामी नांवाशीं या मांजराचा सुतराम् संबंध नाहीं. पण ध्वनि जुळला कीं लोक नातें जुळवितात. बिआट्रिक्स पॉटर या लेखिकेच्या ‘द टेल ऑफ टॉम किटन’ या १९०७ सालच्या बालपुस्तकांत पिलांच्या आईचें, म्हणजे मांजरीचें, नांव टबीथा ट्विचिट असें आहे. तें पुस्तक गोड आहे, यांत शंका नाहीं. पण ज्या नांवांतून हरिणी धांवत होती त्यांत आतां मांजर येऊन बसलें.

ग्रीक रूपाचा प्रवास मात्र निराळ्या दिशेनें झाला. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड व अमेरिका येथील मंडळ्यांत स्त्रियांनीं एकत्र बसून गरिबांसाठीं कपडे शिवण्याच्या संस्था निघाल्या, व त्यांना ‘डॉर्कस सोसायटी’ असें म्हणत. त्या स्त्रियांतील कित्येकींना दोर्कास म्हणजे हरिणी हें ठाऊक नसेल; दोर्कास म्हणजे सुई, दोरा आणि दुसऱ्याच्या अंगावरचें कापड, एवढें त्यांना पक्कें ठाऊक होतें. खुद्द जाफा शहरींहि १८६३ सालीं जेन वॉकर-आर्नॉट या स्कॉटिश बाईंनीं मुलींसाठीं एक शाळा काढिली व तिला टबीथेचें नांव दिलें. ती शाळा आज चर्च ऑफ स्कॉटलंडच्या व्यवस्थेखालीं चालू असून तींत ख्रिस्ती, मुसलमान व यहूदी मुलें एकत्र शिकतात. ज्या गांवांत ती बाई विधवांसाठीं शिवीत बसे त्याच गांवांत तिचें नांव एका शाळेच्या दारावर आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

विसाव्या शतकांत आणखी एक पालट झाला. अमेरिकेंत १९६४ पासून १९७२ पर्यंत ‘बिविच्ड’ नांवाची एक विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर चालत असे. तींतील जादू जाणणाऱ्या आईला १९६६ सालीं मुलगी झाली असें दाखविलें, आणि त्या मुलीचें नांव टबीथा ठेविलें. तोंपर्यंत जें नांव त्या देशांत अगदीं मागें पडलें होतें, तें पुढील दहापंधरा वर्षांत पुष्कळ मुलींना मिळालें. मग ती लाट ओसरली आणि नांव पुन्हां विरळ झालें.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. एकदां धर्मनिष्ठेनें या नांवाचा भाव चढला. एकदां कादंबरीकाराच्या थट्टेनें तो उतरला. एकदां मांजराच्या अंगावरचे पट्टे आड आले. एकदां करमणुकीच्या खेळानें तो पुन्हां वर नेला. या सर्व चढउतारांत प्रत्यक्ष टबीथा नांवाच्या एकाहि मुलीचा ना गुण होता, ना दोष. नांवाची लोकप्रियता ही बाजारभावासारखी आहे. धान्य तेंच, पोतें तेंच. भाव मात्र आज एक, उद्यां दुसरा.

आपल्या घरीं

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती कुटुंबांत रूथ, एस्तेर, मार्था, मरीया हीं नांवें पुष्कळ आढळतात, टबीथा क्वचित्. याचें कारण शोधणें कठीण नाहीं. रूथ व एस्तेर यांच्या नांवांचीं स्वतंत्र पुस्तकें शास्त्रांत आहेत; मरीया व मार्था वाचकाला पुनःपुन्हां भेटतात; टबीथा सात वचनांत येते आणि जाते. शिवाय उच्चाराची अडचण आहेच.

कोणी म्हणतील कीं, मग परकें नांव हवेंच कशाला? हा प्रश्न जुना आहे, व त्याला आपल्या थोर माणसांनीं आपापल्या परीनें उत्तर दिलें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, तरी जगानें त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखलें; त्यांच्या कन्येचें नांवहि मनोरमा असेंच होतें. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, पण नारायणच राहिले. लक्ष्मीबाईहि शेवटपर्यंत लक्ष्मीबाईच राहिल्या. म्हणून मराठी नांव ठेवणारानें संकोच करूं नये, आणि शास्त्रांतलें नांव ठेवणारानेंहि करूं नये. ज्यास टबीथा आवडत नाहीं त्यानें खुशाल हरिणी म्हणावें, अर्थ एकच. मात्र जें ठेवाल तें समजून ठेवा.

पालकांस या बाबतींत दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विरळ नांव ठेविलें तर त्याचा अर्थ व त्याची कथा मुलीला लहानपणींच सांगून ठेवावी. ज्या मुलीला आपल्या नांवाविषयीं दोन वाक्यें नीट सांगतां येतात तिची थट्टा वर्गांत फार वेळ टिकत नाहीं. दुसरी गोष्ट व्यवहाराची. जन्माच्या दाखल्यावर टबीथा, शाळेच्या दाखल्यावर तबिता आणि आधारपत्रावर टॅबिथा असें झालें म्हणजे पुढें मुलीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. पहिल्या दिवशीं जें लिहाल तेंच सर्व कागदांवर अक्षरशः लिहा.

वर्गांतील इतर मुलामुलींस एवढेंच सांगणें आहे कीं, आपणांस जें नांव हास्यास्पद वाटतें तें बहुधा आपल्या अपरिचयामुळें. तुमचें नांवहि कोठेंतरी कोणास तसेंच वाटत असेल.

आणि ज्या मुलीचें नांव असें विरळ आहे तिनें यापोच्या त्या माडीवरच्या खोलीची आठवण ठेवावी. ‘नाव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ अशी आपल्यांत म्हण आहे. येथें त्याच्या उलट होतें. नांव साधें, हातांत सोनें तर नव्हतेंच. होती ती सुई. तेथें जमलेल्या विधवांनीं तिच्या नांवाचा अर्थ कोणास सांगितला नाहीं, तें नांव गांवांत किती जणींचें आहे हें मोजलें नाहीं. त्यांनीं तिनें केलेलीं वस्त्रें पुढें धरिलीं. नांव ठेवणें आईबापांचें काम, नांवें ठेवणें लोकांची संवय. नांव काढणें हें मात्र जिचें तिलाच करावें लागतें.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. तुमचें नांव कोणीं ठेविलें व कां, हें घरीं आजीला किंवा आत्याला विचारून पांच ओळींत लिहा.

२. तुमच्या नांवाचा अर्थ व तो शब्द कोणत्या भाषेंतून आला, हें कोशांत पाहून लिहा.

३. पशु, पक्षी अथवा फूल यांवरून पडलेलीं मुलींचीं दहा नांवें जमवा, व त्यांतील कोणतीं तुमच्या आजीच्या पिढींत अधिक होतीं तें शोधा.

४. ‘नांव’ हा शब्द असलेले सहा वाक्प्रचार लिहून प्रत्येकाचा वाक्यांत उपयोग करा.